गवळणीतला कृष्ण मोठा का होत नाही

"पहिल्या भागात माझा पैलवान एकोणीस वर्षांचा हाय. चौथ्यात किती वर्षांचा ठेवू, सर?"

कोल्हापूरच्या खासबाग या कुस्तीच्या मैदानाबाहेर चहाच्या गाड्यावर एका होतकरू लेखकाने मला हे विचारलं. कुस्तीवर चार कादंबऱ्यांची मालिका त्याच्या डोक्यात आहे आणि दोन लिहून झाल्या आहेत. तुझी पुस्तकं लोक कुठल्या क्रमाने वाचणार, त्यावर ते ठरेल, असं मी म्हणालो. मी टाळतोय असं त्याला वाटलं. पण मराठीत या प्रश्नाची सगळी पार्श्वभूमी याच एका गोष्टीभोवती फिरते.

छापील पुस्तकं यायच्या आधीच आपल्याकडे दोन प्रकारचे नायक होते. एक पोथीतला. श्रीधरस्वामींच्या 'हरिविजया'चे ३६ अध्याय, 'पांडवप्रतापा'चे ६४. चातुर्मासात रोज एक अध्याय लावायचा, जिथे थांबलो तिथे खूण ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे. मधला अध्याय गाळायची पद्धत नाही, घरातली म्हातारी माणसं तसं करू देत नसत. या पोथीतला कृष्ण रांगतो, लोणी चोरतो, मथुरेला जातो, द्वारकेत संसार मांडतो. त्याचं वय वाढतं, कारण ऐकणाराही त्याच्याबरोबर एकेक दिवस पुढे सरकत असतो.

दुसरा नायक फडावरचा. तमाशातल्या गवळणीत हाच कृष्ण पेंद्याला घेऊन बाजाराची वाट अडवतो, मावशी तोंड चालवते आणि गौळणी तक्रारी करतात. आज बघा, पुढच्या जत्रेला बघा, कृष्ण तेवढाच आणि पेंद्याही तसाच. प्रेक्षक आज आलेला असतो, मागच्या वेळी तो होता की नव्हता याची फडाला काही खबर नसते. अशा ठिकाणी कृष्णाला मोठं करणं परवडणारं नाही. यात कमीपणा मुळीच नाही. न वाढणारं पात्र दर वेळी ताजं ठेवायला वेगळीच ताकद लागते.

छापखाना आल्यावर या दोन्ही सवयी पुस्तकांत उतरल्या. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केलं आणि 'पण लक्षात कोण घेतो?' त्यात क्रमशः येऊ लागली. आठवड्याच्या आठवड्याला अंक यायचा, म्हणजे पोथीचीच रीत. यमू लहान मुलीची सासुरवाशीण होते, मग विधवा होते, आणि तिची भाषाही तिच्याबरोबर वयात येते. ही मालिका नव्हे, एकच कादंबरी. पण पात्राला काळाबरोबर चालवायचं कसं, हे मराठी वाचक इथे शिकला असं मी मानतो.

मग आली वाचनालयं, आणि तिथे सगळा क्रम विस्कटला. कोल्हापूर याबाबतीत जुनं गाव आहे. करवीर नगर वाचन मंदिराची स्थापना १८५० ची, म्हणजे 'यमुनापर्यटन' ही मराठीतली पहिली कादंबरी मानतात ती १८५७ साली आली, त्याच्याही आधीची. ज्याने वाचनालयातून मालिका वाचली आहे त्याला वेगळं सांगायला नको. पहिला भाग मिळतो, दुसरा कुणीतरी नेलेला असतो आणि तिसऱ्याची शेवटची पानं गायब असतात. लहानपणी गावातल्या एका वाचनालयात मी एका मालिकेचा दुसरा भाग दोन वर्षं मागत होतो. शेवटी कपाटाच्या मागे सापडला, वाळवीने अर्धा खाल्लेला. तोवर नायकाचं लग्न झाल्याचं मला चौथ्या भागातून कळलेलंच होतं.

अशा वाचकासाठी लिहिणाऱ्याने काय करायचं? बाबूराव अर्नाळकरांनी ते फार हुशारीने ओळखलं. त्यांच्या हजाराहून अधिक रहस्यकथा आहेत, आणि त्यांचा नायक झुंझार किंवा काळापहाड कुठल्याही पुस्तकापासून उचलला तरी ओळखीचा निघतो. आधीचं काही माहीत असायची अट नाही. एस. टी. स्टँडवर गाडी सुटायच्या आत घेतलेल्या पुस्तकाने मागचा हिशेब मागून कसं चालेल?

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणेही त्याच पंगतीतला. फुरसुंगीचा बनेश फेणे वीसेक पुस्तकांत सायकल दामटतो, 'ट्टॉक' करतो, चोर पकडतो आणि शाळकरीच राहतो. त्याच्याबरोबर पोरांच्या पिढ्या मोठ्या झाल्या, तो नाही.

चिं. वि. जोशींच्या चिमणरावाची गोष्ट पोथी आणि फड या दोन्हींच्या मधली, आणि मला सगळ्यांत मजेशीर वाटते ती हीच. त्याचं लग्न जमवायची धडपड, मग बायको काऊ, मग पोरं. संसार वाढतो, स्वभाव नाही! चिमणराव पहिल्या पुस्तकात जितका भोळा आणि भित्रा, तितकाच पुढेही. कोल्हापूरच्या मास्टर विनायकांनी १९४० मध्ये 'लग्न पहावं करून' हा बोलपट काढला तो याच चिमणरावावर. पटकथा वि. स. खांडेकरांची, आणि चिमणराव झाले दामूअण्णा मालवणकर. दोन वर्षांनी 'सरकारी पाहुणे' आला. पुढे दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव घराघरांत गेला. इतकी माध्यमं बदलूनही पात्र टिकलं, कारण ते ओळखायला एक प्रसंग पुरतो. घराचा तपशील मात्र पुस्तकागणिक भरत जातो, आणि क्रमाने वाचणाऱ्याला तेवढी जास्तीची मौज मिळते.

न वाढणाऱ्या पात्राची एक अडचण मात्र लेखकालाच छळते, ती म्हणजे विसर. कॉनन डॉयलने १८८७ मध्ये शेरलॉक होम्सचा सोबती डॉक्टर वॉटसन याला युद्धातली गोळी खांद्यात लागल्याचं लिहिलं, आणि १८९० च्या दुसऱ्या कादंबरीत ती जखम पायात गेली. याच्यावर अभ्यासकांनी आजवर काय काय तर्क लढवले आहेत! खरं कारण बहुधा एवढंच की होम्सच्या कथा शंभर वर्षांनी कुणी ओळीने लावून वाचेल हे डॉयलच्या मनातही नव्हतं. होम्सला त्याने १८९३ मध्ये धबधब्यात ढकललं आणि दहा वर्षांनी परत जिवंत केलं, तेव्हाही होम्स होता तसाच निघाला.

बंगालीत शरदिंदू बंद्योपाध्यायांनी उलटं केलं. त्यांचा गुप्तहेर ब्योमकेश १९३२ पासूनचा. प्रत्येक कथा सुटी आहे, कुठूनही वाचता येते. तरी ब्योमकेश एका प्रकरणातच भेटलेल्या सत्यवतीशी लग्न करतो, बाप होतो, केस पिकवतो. मध्ये शरदिंदू मुंबईला सिनेमात गेले आणि सुमारे पंधरा वर्षं ब्योमकेश बंद पडला. पुन्हा लिहायला घेतला तेव्हा लेखक पन्नाशीत होता, मग नायकालाही त्याने तरुण ठेवला नाही. याच सुमारास शरदिंदू पुण्यात राहायला आले, म्हणजे उत्तरार्धातला हा प्रौढ, सावकाश बोलणारा ब्योमकेश बराचसा पुण्यात लिहिला गेला. मला तोच जास्त आवडतो.

मराठीत पोथीची रीत पुन्हा जोरात आली ती सत्तरीच्या दशकात. भालचंद्र नेमाड्यांच्या 'बिढार' आणि 'हूल' १९७५ मध्ये आल्या, १९७७ मध्ये 'जरीला', १९७९ मध्ये 'झूल'. यांचा नायक चांगदेव पाटील मुंबई सोडतो आणि एका गावच्या कॉलेजातून दुसऱ्या गावच्या कॉलेजात प्राध्यापकी करत हिंडतो. इथे भाग उलटसुलट वाचले तर काहीच हाती लागत नाही. 'झूल'मधला चांगदेव काही ठिकाणी गप्प बसतो. त्या गप्प बसण्याचं वजन 'बिढार'मधला बडबड्या, मित्रांत रमणारा पोरगा माहीत असेल तरच कळतं. वाढणं म्हणजे शहाणं होणं, असं समजून लिहिणाऱ्यांनी हे चार भाग जरूर वाचावेत. चांगदेवाचं बरंचसं वाढणं हे सोडून देणं आहे.

आमच्या जिल्ह्यातलं उदाहरण द्यायचं तर कागलच्या आनंद यादवांचं. 'झोंबी' १९८७ ची, तिला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुढे 'नांगरणी', 'घरभिंती', 'काचवेल'. हे आत्मचरित्र आहे, म्हणून कल्पित पात्रांच्या रांगेत ते बसवता येणार नाही. पण मालिका लिहिणाऱ्याने त्यातून एक गोष्ट उचलावी, ती म्हणजे सांगणाऱ्याची नजर. शाळेसाठी बापाशी झोंबणारा आनंदा आणि धाकट्या भावंडांची घरं उभी करणारा थोरला भाऊ, या दोघांना एकच घर वेगळं दिसतं. त्याचं वय कुठे लिहून ठेवलं नसतं तरी ते आपल्याला कळलं असतं.

फेण्याचं काय झालं, ते राहिलंच. २०१७ च्या चित्रपटात तो अखेर मोठा झाला. वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी पुण्यात आलेला तरुण, आणि त्यात भा. रा. भागवत हेही एक पात्र! ती भूमिका केली दिलीप प्रभावळकरांनी, म्हणजे जुन्या चिमणरावानेच. पुस्तकांवर वाढलेले माझ्या वयाचे काही जण थिएटरातून बाहेर पडताना नाराज होते. शाळकरी पोरगा हरवला, म्हणत होते. त्यांच्या बरोबरच्या मुलांना यात खटकण्यासारखं काहीच दिसलं नव्हतं.

हे सगळं मी त्या लेखकाला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि ठरवलं की चौथ्या भागात पैलवान अडतीसचा ठेवायचा, लांग उतरवून तालमीत वस्ताद झालेला, पोरांना पहाटे उठवणारा. मग दोन्ही हस्तलिखितं माझ्या हातात ठेवली. आठवड्याने परत देताना मी त्याला पानांवरच्या खुणा दाखवल्या. पहिल्या भागात पैलवानाचा उजवा कान मोडलेला आहे, दुसऱ्यात डावा.

त्याने दोन्ही पानं बराच वेळ बघितली.

"दोन्ही मोडल्यात म्हणून टाकतो की," तो म्हणाला. "एवढ्या कुस्त्या केल्यावर एकच कान कसा ऱ्हाईल?"