परदेशातील नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या पदवीधरांसाठी माहितीपत्रक

पदवी हातात आल्यावर परदेशातील नोकरीचा विचार करणारे तरुण आणि त्यांचे पालक दादर येथील आमच्या कार्यालयात येतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा व्हिसाचा असतो. वास्तविक बहुतेक देशांत आधी नियुक्तिपत्र आणि मग व्हिसा असा क्रम आहे, आणि या दोहोंच्याही आधी आपल्या सर्व कागदांवरील नाव एकच आहे का, हे तपासावे लागते. आम्ही नोकरी मिळवून देत नाही, केवळ कागदपत्रांचे काम करतो, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे.

नावाची अडचण वाटते त्याहून मोठी असते. मुंबई विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर प्रथम आडनाव, मग स्वतःचे, वडिलांचे आणि आईचे नाव येते. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा असतो आणि आईचे नाव आपल्या नावाचा भाग म्हणून येत नाही. आपल्याला यात काहीच वावगे दिसत नाही, परंतु ही रीत ठाऊक नसलेला परदेशी अधिकारी आडनावालाच पहिले नाव समजतो, आणि त्याच्या लेखी पदवी एकाची व पासपोर्ट दुसऱ्याचा ठरतो. म्हणून अर्जात नाव पासपोर्टप्रमाणेच लिहावे. फरक केवळ क्रमाचा असेल, तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र पुष्कळदा पुरते; गुणपत्रिकेवरील स्पेलिंग चुकले असेल, तर दुरुस्ती विद्यापीठाकडूनच करून घ्यावी लागते; आणि लग्नानंतर किंवा अन्य कारणाने नाव बदलले असेल, तर शासन राजपत्रातील नोंद जवळ ठेवावी.

बायोडाटा देशागणिक बदलतो. आपल्याकडे जन्मतारीख, वडिलांचे नाव, वैवाहिक स्थिती आणि शेवटी ‘वरील माहिती सत्य आहे’ असे लिहिण्याची सवय आहे. ब्रिटनमध्ये यांपैकी काहीच अपेक्षित नाही, छायाचित्रही नाही. जर्मनीत छायाचित्र लावण्याची प्रथा अद्याप आहे, सक्ती मात्र नाही. सीजीपीए (सर्व सत्रांची एकत्रित श्रेणी-सरासरी) लिहिताना तो सातपैकी आहे की दहापैकी, हे अवश्य नमूद करावे.

पदवी प्रमाणपत्राच्या साक्षांकनासाठी प्रथम राज्य शासनाची पडताळणी आणि त्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, असा मार्ग आहे. १९६१ च्या हेग करारानुसार दिले जाणारे अपोस्टील, म्हणजे करारातील इतर देशांत ग्राह्य धरले जाणारे साक्षांकन, भारतात १४ जुलै २००५ पासून लागू झाले. कॅनडात तो करार जानेवारी २०२४ मध्ये लागू झाला. संयुक्त अरब अमिराती या करारात नसल्यामुळे दुबईसाठी अपोस्टील चालत नाही, तेथे त्या देशाच्या वकिलातीचे साक्षांकन लागते. देश निश्चित होण्यापूर्वीच घाईने शिक्के मारून आणलेले कागद आमच्याकडे वरचेवर येतात, आणि तो खर्च वाया गेलेला असतो.

ब्रिटनमधील कंपनीला परदेशी उमेदवार घेण्याचा परवाना आहे का, हे तेथील सरकारच्या संकेतस्थळावरील यादीत पाहता येते; अर्जापूर्वी ती यादी पाहिल्यास बरेच श्रम वाचतात. ‘इंडिया यंग प्रोफेशनल्स’ ही ब्रिटनची योजना मात्र वर सांगितलेल्या क्रमाला अपवाद आहे: १८ ते ३० वयाच्या भारतीय पदवीधरांना नियुक्तिपत्र नसतानाही दोन वर्षांचा व्हिसा मिळू शकतो. त्यासाठी खात्यात २,५३० पौंड दाखवावे लागतात आणि निवड सोडतीने होते. सोडतीत नाव घालण्यास शुल्क नाही, त्यामुळे ‘सोडतीत नंबर लावून देतो’ म्हणून कोणी पैसे मागितल्यास देऊ नयेत.

परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटकडे १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखालील नोंदणी असणे बंधनकारक आहे. तिचा क्रमांक भारत सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पडताळता येतो, आणि एजंटला उमेदवाराकडून ३०,००० रुपये अधिक जीएसटी याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही.

पहिल्या भेटीस येताना पासपोर्ट, सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र आणि दहावीचे प्रमाणपत्र यांच्या मूळ प्रती आणाव्यात. त्या तपासून आपल्यासमोरच परत केल्या जातील. साक्षांकनासाठी मूळ प्रत ठेवून घ्यावी लागल्यास तिची सहीशिक्क्यानिशी पोच मागून घ्यावी.