‘ग्रंथिपेशी’ लिहिलेला रिपोर्ट

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एखाद्या लॅबमधून पॅप स्मिअरचा, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशींच्या तपासणीचा, रिपोर्ट येतो आणि त्यात ‘एटिपिकल ग्लँड्युलर सेल्स’, म्हणजे वेगळ्या दिसणाऱ्या ग्रंथिपेशी, अशी ओळ असते. कॅन्सर हा शब्द कुठेच नाही म्हणून घरच्यांना हायसं वाटतं. ‘इन्फेक्शन असंल, सहा महिन्यांनी परत करूया,’ असं कुणीतरी म्हणतंच. या एका रिपोर्टसाठी तो सल्ला धोक्याचा आहे.

गर्भाशयाच्या तोंडाला बाहेरून चपट्या पेशींचं अस्तर असतं, तर आतल्या नळीत चिकट स्राव तयार करणाऱ्या ग्रंथिपेशी असतात. इथले बहुतेक कॅन्सर चपट्या पेशींत सुरू होतात आणि पॅप चाचणी पकडतेही मुख्यतः तेच. ग्रंथिपेशींतला बिघाड नळीत वर, घड्यांमध्ये दडतो. सरकारी तपासणीत ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहतात. तिथं हा बिघाड दिसावा असं म्हणणं म्हणजे महाद्वार रोडवर उभं राहून आतल्या बोळातलं घर शोधणं.

असा शेरा शंभर रिपोर्टांत एकावरही नसतो. त्यातही पुष्कळदा कारण साधंच निघतं: पॉलिप, सूज, कधी बसवलेली तांबी. मग घाई कशाला?

उत्तर स्वीडनच्या नोंदींत आहे. १९८० ते २०११ या काळातल्या ३० लाखांहून जास्त स्त्रियांचा हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रंथिपेशींचा शेरा आलेल्यांपैकी १.४ टक्के स्त्रियांना त्याच सुमारास कॅन्सर निघाला. चपट्या पेशींत तीव्र बिघाड असलेल्यांत हे प्रमाण २.५ टक्के होतं. पण पुढची साधारण साडेसहा वर्षं चित्र उलटं राहिलं. ग्रंथिपेशीवाल्यांमध्येच कॅन्सरचा दर जास्त दिसला, आणि पॅप नॉर्मल असलेल्यांपेक्षा तर तो पंधरा वर्षं चढा राहिला. ग्रंथिपेशीवाल्यांपैकी जेमतेम निम्म्या जणींचा तुकडा (बायोप्सी) सहा महिन्यांत तपासला गेला होता. तीव्र बिघाड असलेल्यांत मात्र बहुतेकींचा. माझ्या मते या अभ्यासातली सगळ्यात बोलकी गोष्ट हीच. तीही स्वीडनसारख्या, घरी पत्र पाठवून तपासणीला बोलावणाऱ्या देशातली.

तेव्हा पॅप पुन्हा करत बसू नये. दुर्बिणीतून तपासणी म्हणजे कॉल्पोस्कोपी आणि नळीच्या आतला नमुना, दोन्ही हवेत. वय ३५ किंवा जास्त असेल, किंवा त्याआधीही अनियमित रक्तस्राव, लठ्ठपणा यांसारखं कारण असेल, तर गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडाही घेतात, कारण या पेशी वरून, पिशवीतूनच, खाली आलेल्या असू शकतात. म्हणूनच एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरमागच्या विषाणूची, चाचणी निगेटिव्ह आली तरी निश्चिंत होता येत नाही. अस्तराच्या कॅन्सरशी त्या विषाणूचा संबंध नसतो.

आणखी एक वाट आपल्याकडे फार लवकर धरली जाते: ‘पिशवीच काढून टाका, कटकट नको.’ आत खरोखर पसरू लागलेला कॅन्सर असेल तर साधी पिशवी काढण्याची शस्त्रक्रिया अपुरी पडते आणि पुढचे उपचार अवघड होतात. म्हणून आधी तुकड्याचा रिपोर्ट, गरज पडल्यास तोंडाचा शंकूसारखा भाग काढून त्याची तपासणी, आणि मग शस्त्रक्रियेचा निर्णय.

सगळं स्वच्छ निघालं, तरी एक वर्षानं आणि पुन्हा दुसऱ्या वर्षानंतर पॅप व एचपीव्ही अशा दोन्ही चाचण्या करायच्या असतात. जुना रिपोर्ट फाइलमध्ये जपून ठेवा. नव्या डॉक्टरांना तो दाखवावा लागेल.