कासवाला भूल चढवणं एक वेळ सोपं, उतरवणं अवघड

कासवाला भूल द्यायची म्हटलं की बऱ्याच जणांना वाटतं, तोंडावर मास्क लावायचा, गॅस सोडायचा, झालं काम. पण कासव श्वासच घेत नाही. ते डोकं आत ओढतं आणि बराच वेळ दम रोखून बसतं, मग मशीन कितीही भारी असू दे, गॅस फुफ्फुसात जाणार कसा? म्हणून सुरुवात बहुतेक वेळा इंजेक्शननंच होते.

आता कासवाचं ऑपरेशन कशाला, असं कोल्हापुरातसुद्धा लोक विचारतात. अहो, मूत्राशयात खडा होतो, अंडी अडकतात, गॅलरीतून पडून कवच फुटतं. आणि कवच म्हणजे जिवंत हाड आहे, त्यात नसा आहेत, ते कापलं की दुखतं. खडा काढायला कधीकधी पोटाकडच्या कवचाला करवतीनं खिडकी पाडावी लागते, ते काम चांगली भूल आणि वेदनाशामक दिल्याशिवाय करायचंच नाही. काही जण कासवाला फ्रिजमध्ये गार करून काम उरकायचे, ती भूल नव्हेच, जनावर फक्त हलत नाही, वेदना तशीच राहते.

औषधं म्हणाल तर केटामाइन, सोबत डेक्समेडेटोमिडीन किंवा मिडाझोलाम. एकट्या केटामाइनचा मोठा डोस दिला तर कासव लई वेळ गुंगीत राहतं, आणि केटामाइनला उतारा नाही. डेक्समेडेटोमिडीनला मात्र अटिपामेझोलचा उतारा आहे, म्हणून दोन्ही मिसळून केटामाइन कमी ठेवायचं. सुई शक्यतो पुढच्या पायात, कारण मागच्या भागातलं रक्त हृदयाकडं जाण्याआधी किडनीतून जाऊ शकतं आणि औषध वाटेतच कमी होईल अशी शंका असते. शीर सापडली तर प्रोपोफॉल किंवा अल्फाक्सालोन चालतं. वेदनेसाठी ब्युटॉर्फेनॉलचा कासवात फारसा उपयोग दिसत नाही, मॉर्फिनचा होतो, पण मॉर्फिन श्वास मंदावतं, हे ध्यानात ठेवूनच द्यायचं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो तापमानात. कासवाचं शरीर बाहेरच्या हवेबरोबर गार-गरम होतं आणि औषध पसरणं, लिव्हरनं ते मोडणं, सगळं त्याच गतीनं चालतं. डिसेंबरातल्या पहाटे आपल्याकडं गारठा असतो, अशा गार कासवाला टोचलं तर काहीच होत नाही असं वाटतं, कुणीतरी दुसरा डोस देतं, मग कासव उबेत आलं की दोन्ही डोस एकदम लागू होतात. म्हणून आधी अंग 25 ते 30 अंशांच्या आसपास आणायचं, वजन काट्यावर नीट करायचं, टोचायचं, आणि थांबायचं. थांबणं हासुद्धा उपचाराचाच भाग आहे.

श्वासाचं तर वेगळंच. कासवाला छाती-पोटामधला पडदा आपल्यासारखा नसतो, बरगड्या कवचातच जोडलेल्या, त्यामुळं हातापायांजवळचे आणि पोटाचे स्नायू भात्यासारखी हवा आत-बाहेर करतात. भुलेनं स्नायू सैल झाले की भाता बंद. मग श्वासनळीत नळी घालून मिनिटाला दोन-चार वेळा हातानं फुगा दाबावा लागतो. नळी छोटीच हवी, कारण श्वासनळीचे दोन फाटे मानेतच फुटतात, जास्त आत गेली तर एकच फुफ्फुस फुगतं.

आणि उठताना तर उलटाच प्रकार. माणसाला आपण ऑक्सिजन देतो, पण कासव श्वास घेतं ते मुख्यतः ऑक्सिजन कमी पडल्यावर, त्यामुळं शुद्ध ऑक्सिजन चालू ठेवला तर ते स्वतःहून श्वास घ्यायला उशीर लावतं. शेवटी साध्या हवेवर आणतात. डॉप्लरवर, म्हणजे रक्ताच्या प्रवाहाचा आवाज ऐकवणाऱ्या यंत्रावर, ठोके ऐकू आले म्हणून निश्चिंत व्हायचं नाही, मेंदू थांबला तरी कासवाचं हृदय बराच वेळ चालू राहू शकतं. मान आत ओढते का, पाय ओढल्यावर मागं घेतो का, स्वतः श्वास घेतो का, हे बघायचं, आणि तोवर घरच्यांनी "आता नेऊ का" म्हणून घाई करू नये, ही माझी कळकळीची विनंती.

दुकानातून आणलेली लाल कानपट्टीची कासवं पाण्यातली असतात, त्यांना भुलेनंतर लगेच टाकीत सोडलं तर बुडून मरतात, पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत कोरड्या उबदार टबात ठेवायचं. आपल्या रंकाळा तलावात तर कधीच सोडायची नाहीत, ती परदेशी आहेत. आणि स्टार कासव घरात ठेवणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, 2022 च्या दुरुस्तीनंतर ते पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. असं आजारी कासव कुठं दिसलं तर घरी उपचार करत बसू नका, थेट वनविभागाला फोन करा.