टॅकोमाचा पूल अनुनादाने पडला नाही

परवा पुतणी अकरावीच्या फिजिक्सचा एक व्हिडिओ घेऊन आली. रामबागेतल्या आमच्या घरी उन्हाळ्यात बैठकीतला कूलर दिवसभर चालू असतो, त्याच्यासमोर बसून आम्ही तो पाहिला. भलामोठा झुलता पूल, आणि त्याचा रस्ता ओला टॉवेल पिळावा तसा एकदा इकडे, एकदा तिकडे पिळवटतोय. खाली ओळ: ‘अनुनादामुळे पूल कोसळला’. वर्षानुवर्षं हेच शिकवतात आणि मला ते दर वेळी खटकतं.

अमेरिकेतल्या टॅकोमाचा हा पूल १ जुलै १९४० ला खुला झाला आणि ७ नोव्हेंबरला पडला. मधला गाळा ८५३ मीटर, रुंदी जेमतेम १२ मीटर, दोन्ही कडांना २.४ मीटर उंचीचे भरीव पोलादी गर्डर. त्या सकाळी वारा ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास होता. माणूस एकही दगावला नाही. मोटारीत अडकलेला टबी नावाचा कुत्रा तेवढा गेला.

अनुनाद म्हणजे नेहरू पार्कातला झोका. झोक्याच्या लयीत मागून धक्के दिले की तो चढत जातो. वाऱ्यालाही अशी लय असू शकते, कारण अडथळ्याच्या मागे भोवरे आळीपाळीने वरून आणि खालून सुटतात. गर्डरची उंची आणि त्या दिवशीच्या वाऱ्याचा वेग धरून हिशेब केला, तर हे भोवरे साधारण सेकंदाला एक असे सुटत होते. पूल मात्र पाच सेकंदांत एकदा पिळत होता. लयच जुळत नाही, मग अनुनाद कसला?

मी पुतणीला खोक्याभोवतीची प्लास्टिकची पट्टी आणायला सांगितली. दोन्ही हातांत ताणून, कड वाऱ्याकडे करून तिने ती कूलरसमोर धरली. पट्टी गुणगुणायला लागली. “काका, कूलर तर धक्के देत नाहीये!” बरोबर. सारंगीचा गजही एकसारखा ओढला जातो, तरी तार कंप पावते. कंपनच स्वतःला पोसणारं बळ तयार करतं.

आता नीट बघा, माझ्या मते सगळी गंमत इथेच आहे. पुलाचा रस्ता थोडा पिळला की वाऱ्याकडची कड उचलली जाते. त्या कडेवर हवेचा प्रवाह पृष्ठभाग सोडतो, भोवरा तयार होतो आणि रस्त्यावरून मागच्या कडेकडे सरकत जातो. भोवऱ्याखाली दाब कमी असतो. तो सरकेपर्यंत रस्ता उलट पिळायला लागलेला असतो, आणि दाबातल्या फरकाचा जोर नेमका चालू गतीच्याच दिशेने पडतो. एरवी घर्षण प्रत्येक हेलकाव्यातून थोडी ऊर्जा काढून घेतं. इथे वारा तेवढी परत देतो, आणि एका ठरावीक वेगानंतर त्याहून जास्त देतो. समीकरणात गतीला रोखणाऱ्या पदाचं चिन्ह उणे होतं आणि हेलकावे वाढतच जातात. बाहेरच्या लयीची गरज उरत नाही, वारा त्या वेगाहून जोरात वाहत राहिला की पुरे. अभियंते याला फ्लटर म्हणतात.

सकाळी पूल नुसता वर-खाली होत होता, मिनिटाला ३६ ते ३८ वेळा. दहाच्या सुमारास मधोमध केबलला धरून ठेवणारा एक पट्टा सरकला आणि पिळणं सुरू झालं. तासाभरात मधला गाळा खाली आला. १९५० साली तिथे नवा पूल झाला. त्याला भरीव गर्डरऐवजी हवा आरपार जाऊ देणारी खोल जाळीदार चौकट आहे, आणि रस्त्यातही जाळ्या सोडल्या आहेत.

मोठा पूल बळी मागतो, पायात माणूस गाडावा लागतो, अशा अफवा आपल्याकडे अजून उठतात आणि त्यापायी निरपराध माणसं मार खातात. म्हणून खरं कारण नेमकेपणाने सांगायला हवं. ‘अनुनाद’ म्हणून मोकळं होणं मला पुरत नाही.

पुतणी तोवर मोबाईलवर वेळ लावून पिळ मोजत होती. “काका, तुम्ही पाच सेकंद म्हणालात. मिनिटाला बारा व्हायला हवेत. मला अठरा येतायत.” तिची मोजणी चोख होती. ती फिल्म सेकंदाला १६ चित्रं या वेगाने घेतलेली. पुढे सर्वत्र फिरलेल्या प्रती २४ च्या वेगाने चालवल्या गेल्या. म्हणजे सगळं दीडपट घाईत दिसतं. अठराला दीडने भागून तिने वहीत बारा लिहिले, व्हिडिओचा वेग कमी केला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसली.