मॅक्स प्रावस्थांची घन द्रावणे : संघटन आणि यांत्रिक गुणधर्म

मॅक्स प्रावस्था म्हणजे थरांची रचना असलेली कार्बाइडे व नायट्राइडे. त्यांच्या षट्कोनी स्फटिकात अणूंच्या तीन जागा ठरलेल्या असतात. ‘एम’ ही जागा टायटॅनियम, व्हॅनेडियम, नायोबियम अशा संक्रमणी धातूंची, ‘ए’ ही ॲल्युमिनियम, सिलिकॉन किंवा जर्मेनियम यांची आणि ‘एक्स’ ही कार्बन वा नायट्रोजनची. एकाच प्रकारच्या जागांवर दोन मूलद्रव्ये कोणत्याही ठरावीक क्रमाशिवाय मिसळून बसली की घन द्रावण तयार होते.

या कुळातील बरीच संयुगे हान्स नोव्होटनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात व्हिएन्नात शोधली. या संयुगांचा यांत्रिक स्वभाव मात्र १९९६ मध्ये उमगला, जेव्हा फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात मिशेल बारसूम व तामेर एल-रागी यांनी जवळजवळ शुद्ध टायटॅनियम सिलिकॉन कार्बाइड तयार केले. हे सिरॅमिक साध्या करवतीने कापता येते. त्याची कठीणता सुमारे ४ गिगापास्कल भरते. टायटॅनियम कार्बाइडची २५ हून अधिक असते.

एवढ्या मऊपणाचे मूळ थरांत आहे. धातू आणि कार्बन यांचे बंध फार बळकट, तर ‘ए’ थराशी असलेले बंध त्यामानाने सैल. त्यामुळे स्फटिकातील सरक (अणूंचे थर एकमेकांवरून घसरणे) थरांना समांतर प्रतलांतच होते. थरांच्या दिशेने दाब आला की पत्त्यांचा कॅट कडांवर दाबल्यासारखे कण मुडपतात, त्यांच्यात घड्या पडतात आणि पुढे सरकू पाहणारी भेग तिथे अडखळते.

सोन्यात तांबे मिसळले की दागिना टणक होतो, कारण वेगळ्या आकाराचे अणू सरकीला अडवतात. मॅक्स प्रावस्थांतही असेच घडेल, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात ती प्रत्येक वेळी खरी ठरत नाही. टायटॅनियम ॲल्युमिनियम कार्बाइडातील (२११ प्रकार, म्हणजे एम, ए, एक्स अणूंचे प्रमाण २:१:१) निम्म्या कार्बनच्या जागी नायट्रोजन घातला तर मिळणारे कार्बोनायट्राइड सामान्य तापमानाला दोन्ही मूळ संयुगांपेक्षा कठीण असते. तेच सुमारे १२०० अंश सेल्सिअसच्या पुढे उलट मऊ पडते. त्याच कार्बाइडात टायटॅनियमच्या सुमारे पाचव्या हिश्शाची जागा व्हॅनेडियमने घेतली की कठीणता व वाकताना टिकणारे बल दोन्ही वाढतात. नायोबियम मात्र निम्म्या जागा व्यापूनही असे बळकटीकरण घडवत नाही. टायटॅनियम सिलिकॉन कार्बाइडात सिलिकॉनच्या जागी जर्मेनियम आणले तरी कठीणतेत तशी वाढ दिसत नाही. म्हणून केवळ परक्या अणूंची टक्केवारी पाहून निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. अणू कोणता आणि तो कोणत्या जागेवर बसला, हे दोन्ही पाहावे लागते.

मोजमापाच्या बाबतीत मोठी सावधगिरी हवी. नमुन्यात थोडे टायटॅनियम कार्बाइड उरले तरी कठीणता फुगते आणि तिचे श्रेय घन द्रावणाला दिले जाते. कणांचा आकारही तेवढाच प्रभावी आहे. टायटॅनियम सिलिकॉन कार्बाइडाचे कण काही मायक्रोमीटरचे असतील तर त्याचे वाकताना टिकणारे बल सुमारे ६०० मेगापास्कल असते. कण शंभर मायक्रोमीटरच्या पुढे गेले की ते जवळपास निम्म्यावर येते, आणि संघटन, म्हणजे घटक मूलद्रव्ये व त्यांचे प्रमाण, तर दोन्हींचे एकच. त्यामुळे कणांचा आकार व शुद्धता सारखी नसलेल्या नमुन्यांची तुलना फारशी विश्वासार्ह मानता येत नाही.

काही वेळा मूलद्रव्य बदलण्यामागे बळ वाढवणे हा हेतूच नसतो. टायटॅनियम सिलिकॉन कार्बाइडात सिलिकॉनच्या जागी थोडे ॲल्युमिनियम घातले की उच्च तापमानाला पृष्ठभागावर ॲल्युमिनाचा (ॲल्युमिनियम ऑक्साइडाचा) घट्ट थर धरतो आणि ऑक्सिडीभवन मंदावते.