पाण्याची अणुजैविक तपासणी

पिण्याच्या पाण्यात माणसांच्या किंवा जनावरांच्या विष्ठेतून आलेले जीवाणू आहेत का, हे शोधण्याची चाचणी. पाणी नितळ असले, चवीला गोड असले तरी दूषित असू शकते. डोळ्यांना आणि जिभेला ते कळत नाही.

या तपासणीत पटकीचा किंवा विषमज्वराचा जंतू सहसा थेट शोधत नाहीत. तो पाण्यात अगदी विरळ असतो, कधी असतो कधी नसतो, आणि प्रत्येक जंतूची चाचणी निराळी. त्याऐवजी आतड्यात कायम वस्तीला असणारा ई. कोलाय शोधतात. तो सापडला की पाण्यात मैला मिसळतोय हे नक्की. मग रोगजंतूही त्याच वाटेने येऊ शकतात. भारतीय मानक १०५०० (२०१२) प्रमाणे १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय मुळीच आढळता कामा नये.

सगळी भिस्त नमुना घेणाऱ्यावर असते. बाटली निर्जंतुक हवी. नळ पुसून, धातूचा असल्यास तोंडाशी ज्योत धरून, दोन-तीन मिनिटे पाणी वाहू द्यायचे. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू द्यायचे नाही, बाटली काठोकाठ भरायची नाही. क्लोरीन घातलेल्या पाण्यासाठी बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेट टाकलेले असते. ते नसेल तर क्लोरीन वाटेतही जीवाणू मारत राहतो आणि प्रयोगशाळेत पाणी उगाचच स्वच्छ ठरते. नमुना बर्फात ठेवून शक्य तितक्या लवकर, जास्तीत जास्त २४ तासांत पोहोचवावा लागतो. दुर्गम पाड्यावरून हे जमवणे सोपे नाही, पण इथे हयगय झाली तर पुढचा अहवाल निरुपयोगी.

प्रयोगशाळेत पाणी ०.४५ मायक्रॉन छिद्रांच्या पटलातून गाळून त्यावर वाढलेल्या वसाहती मोजतात, किंवा पोषक द्रवाच्या नळ्यांत आम्ल आणि वायू तयार होतो का ते पाहून जीवाणूंची संभाव्य संख्या काढतात.

गावात सोयीची ठरते ती एच-टू-एस (हायड्रोजन सल्फाइड हा गंधकयुक्त वायू ओळखणारी) बाटली. मांजा, मौर्य आणि राव या भारतीय संशोधकांनी १९८२ साली ती मांडली. बाटलीतल्या औषध लावलेल्या कागदावर पाणी ओतून ती उबदार जागी ठेवायची. काळे पडले तर पाणी संशयास्पद. भूजलात मुळातच गंधकयुक्त वायू असेल तर पाणी चांगले असूनही काळे पडू शकते, म्हणून खात्री प्रयोगशाळेतच करून घ्यावी.

महाराष्ट्रात ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक करतात ती ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणी वेगळी. पिवळा रंग आला की पाण्यात क्लोरीन उरला आहे, म्हणजे टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पोहोचली, एवढेच त्यातून समजते. तिला जीवाणू तपासणी समजणे ही नेहमीची आणि धोक्याची चूक आहे. उलट, ई. कोलाय न आढळलेल्या पाण्यातही विषाणू किंवा क्रिप्टोस्पोरिडियमसारखे परजीवी तग धरून असू शकतात. क्लोरीनपुढे ते ई. कोलायपेक्षा अधिक टिकाव धरतात. शिवाय अहवाल हाती येईपर्यंत एक-दोन दिवस जातात आणि तेवढ्यात ते पाणी घरोघरी पिऊन झालेले असते. म्हणून नमुन्याबरोबरच विहिरीचा काठ, जवळचे शौचालय, उकिरडा आणि गळकी जलवाहिनी यांचीही पाहणी करतात, विशेषतः पावसाळ्याच्या आधी आणि नंतर.