जुनी ३१५ बोअर रायफल घेताय? विसार देण्याआधी हे वाचा

गावातल्या एखाद्या वाड्यात इशापूरच्या सरकारी कारखान्यातली ३१५ बोअर (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप) रायफल वर्षानुवर्षे कपाटात असते. मालक थकलेले, मुलं शहरात, कोणालाच नको असते. घेणारा भेटतो, किंमत ठरते, विसार दिला जातो आणि मग दोघं मिळून जिल्हाधिकारी कार्यालयाची पायरी चढतात. अर्ज फेटाळला जाण्याची सुरुवात बहुतेक वेळा इथेच होते. शस्त्राच्या व्यवहारात आधी परवाना, मग लेखी कळवणं, मग मुदत, मग ताबा असा क्रम आहे. पैसे शेवटी. हा क्रम उलटला तर घेणाऱ्याचा अर्ज अडतोच, शिवाय विकणाराही शस्त्र अधिनियम १९५९ खाली अडचणीत येतो.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच. लोक बोलताना हिला ‘शिकारीची रायफल’ म्हणतात, म्हणून अर्जातही ‘शिकारीसाठी’ असं लिहून टाकतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मुळे आपल्याकडे शिकारीला बंदी आहे. हे कारण लिहिलेला अर्ज मंजूर होऊच शकत नाही. कारणाच्या रकान्यात खरं कारण लिहा: स्वसंरक्षण, नेमबाजी, पीक संरक्षण, जे असेल ते. आणि त्याचे पुरावे सोबत जोडा.

पीक संरक्षणासाठी रायफल: इथे सगळे अडतात

रानडुकरांनी भुईमूग उकरला, गव्यांनी ऊस तुडवला, म्हणून शेतकरी रायफल मागतो. नुकसान खरं असतं, पंचनामेही असतात, तरी नकार येतो आणि का आला ते त्याला कोणी नीट सांगत नाही. कारण शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये आहे. प्रामाणिक पीक संरक्षणासाठी तिथे ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे. ती पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर २० इंच किंवा त्याहून लांब नळीची, आतून गुळगुळीत असलेली काडतुसाची बंदूक देता येते. रायफल या तरतुदीत बसत नाही. तिच्यासाठी ‘सबळ कारण’ आहे अशी अधिकाऱ्याची खात्री व्हावी लागते, आणि ती पटवून देण्याचं ओझं अर्जदारावर असतं. फक्त सातबारा आणि पंचनामा जोडून रायफल मागितली तर कागद बंदुकीचे आणि मागणी रायफलची, असा प्रकार होतो. पिकासाठीच हवी असेल तर सरळ एसबीबीएल (एकनळी) किंवा डीबीबीएल (दुनळी) काडतुसाच्या बंदुकीचा अर्ज करा. तो टिकतो.

पीक संरक्षणाचा परवाना हातात आला म्हणजे जनावर मारायची मोकळीक मिळाली, असंही नाही. त्यासाठी वन विभागाची वेगळी लेखी परवानगी लागते. हे दोन कागद एकच आहेत असं समजून चाललेले लोक वन गुन्ह्यात अडकतात.

राधानगरी, कोयना, चांदोलीच्या आसपास किंवा गोव्यात म्हादई, नेत्रावळीजवळ राहणाऱ्यांसाठी आणखी एक अट आहे. अभयारण्याच्या हद्दीपासून १० किलोमीटरच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती असल्याशिवाय नवीन शस्त्र परवाना देता येत नाही. वन्यजीव अधिनियमाचं कलम ३४ असं सांगतं. अर्जाच्या यादीत हा कागद बऱ्याचदा नसतोच. पोलीस अहवाल येतो, तहसीलदारांचा अहवाल येतो, सहा महिने जातात आणि मग ‘वन विभागाचा अभिप्राय नाही’ असा शेरा पडतो. तुमचं गाव त्या पट्ट्यात असेल तर अर्ज देतानाच जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत विचारा आणि वन विभागाकडे पत्र कोणत्या तारखेला गेलं त्याचा जावक क्रमांक मागून घ्या. हे काम खरं तर कार्यालयाचं आहे, पण पाठपुरावा तुम्हीच केलेला बरा.

पात्रता आणि कागद

वय २१ पूर्ण हवं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे जास्तीत जास्त दोनच शस्त्रं राहू शकतात, वारसाने आलेलं शस्त्रही त्यात मोजलं जातं. तुमच्याकडे आधीच दोन असतील तर एक कमी केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. परवाना आधीपासून आहे पण त्यावर फक्त डीबीबीएल लिहिलेलं आहे, तर त्यावर रायफल घेता येत नाही. शस्त्राच्या प्रकाराची नोंद आधी करून घ्या.

पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात परवाना पोलीस आयुक्त देतात, बाकी ठिकाणी जिल्हादंडाधिकारी. फॉर्म ए-१ ऑनलाइन भरायचा, छापील प्रत, पांढऱ्या पार्श्वभूमीचे चार फोटो, ओळख, वय आणि राहण्याचा पुरावा जोडायचा. यात फारसं कोणी अडत नाही. अडतात ते पुढच्या दोन कागदांवर.

पहिला म्हणजे वैद्यकीय दाखला, फॉर्म एस-३. डॉक्टरांच्या लेटरहेडवर ‘तंदुरुस्त आहेत’ एवढं लिहून आणलेला दाखला परत येतो. शारीरिक तंदुरुस्ती, मानसिक स्वास्थ्य आणि अर्जदार दारू किंवा अमली पदार्थांवर अवलंबून नाही, हे तिन्ही मुद्दे त्या नमुन्यात स्पष्ट लिहिलेले असावे लागतात. नमुना छापून घेऊनच डॉक्टरांकडे जा.

दुसरा, जो कोणाकडेच नसतो, तो म्हणजे शस्त्र हाताळणी आणि सुरक्षिततेच्या प्रशिक्षणाचा दाखला, फॉर्म एस-१. शस्त्र नियम २०१६ पासून तो मागितला जातो. पण तालुक्याच्या गावात हे प्रशिक्षण कोण देतं हे विचारलं तर खिडकीवरचा माणूसही खांदे उडवतो. तुमच्या जिल्ह्यात कोणाचा दाखला ग्राह्य धरतात हे गृह शाखेत आधी विचारा, मगच प्रशिक्षणाचे पैसे भरा. रायफल क्लबच्या सदस्यत्वाची पावती म्हणजे एस-१ नव्हे.

पोलीस अहवालासाठी ३० दिवस आणि तो मिळाल्यावर निर्णयासाठी ६० दिवस अशी नियमांत मुदत आहे. प्रत्यक्षात फाईल यापेक्षा जास्त रेंगाळते आणि ते योग्य नाही. लेखी स्मरणपत्र द्या, त्याची पोच घ्या. नकार आला तर कारणं लेखी मागा. मागितल्याशिवाय बहुतेक वेळा देत नाहीत आणि कारणांशिवाय अपील नीट लिहिता येत नाही. जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या आदेशावर विभागीय आयुक्तांकडे ३० दिवसांत अपील असतं. शेतीवाडी, मालमत्ता कमी आहे एवढ्यावरून परवाना नाकारता येत नाही, हे कायद्यातच आहे.

४५ दिवस कुठून मोजायचे

खाजगी मालकाकडून शस्त्र घेताना शस्त्र अधिनियमाचं कलम ५ लागू होतं. विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं: कोणतं शस्त्र, कोणाला, घेणाऱ्याचं नाव आणि पत्ता. ते कळवल्यापासून किमान ४५ दिवस उलटल्याशिवाय विक्री करता येत नाही.

इथे चुका ठरलेल्या आहेत. काहीजण सौदा ठरला त्या दिवसापासून मोजतात. काहीजण घेणाऱ्याच्या अर्जाची तारीख धरतात. मोजायचं ते विकणाऱ्याचं पत्र पोचल्याच्या तारखेपासून, म्हणून आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच हवीच. पोच नसेल तर ४५ दिवस सुरूच झाले नाहीत असं धरा. पत्रात घेणाऱ्याचं नाव बदललं तर नव्या पत्रापासून पुन्हा मोजायला लागा. तोपर्यंत रायफल विकणाऱ्याच्याच ताब्यात राहिली पाहिजे. ‘फक्त बघायला’ म्हणून दोन रात्रीसुद्धा घरी नेऊ नका.

मूळ मालक वारले असतील तर गोष्ट वेगळी. परवाना नसलेल्या मुलाने वडिलांची रायफल घरात ठेवणं बेकायदा आहे. ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. जमा पावती जपून ठेवली तर वारसाला ती पात्र माणसाला विकण्याची व्यवस्था करता येते. मुदत निघून गेली तर शस्त्र सरकारजमा होऊ शकतं. मालक हयात असून ७० वर्षांचे झाले असतील, किंवा शस्त्र २५ वर्षं त्यांच्याकडे असेल, तर त्यांना वारसाच्या नावे ते करता येतं. बाकी वारसांची ना-हरकत मात्र लागते. एका बहिणीची सही राहिली म्हणून अडकलेल्या फायली कमी नाहीत.

नंबर स्वतः वाचा

परवान्याची झेरॉक्स आणि रायफल शेजारी ठेवा. ३१५ ची यंत्रणा ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलच्या घडणीची आहे. नंबर मुख्य सांगाड्यावर असतो आणि बोल्टच्या (काडतूस चेंबरमध्ये ढकलून बंद करणाऱ्या, मागेपुढे सरकणाऱ्या भागाच्या) मुठीच्या मागेही कोरलेला असतो. तेलाचं फडकं फिरवा, उजेड तिरका पाडा आणि एकेक आकडा वाचा. जुन्या परवान्यांत ३ चा ८ झालेला, अक्षर गळलेलं, बोअरच्या जागी ‘८ मिमी’ लिहिलेलं सापडतं. ही चूक विकणाऱ्याच्या परवान्यावर आधी दुरुस्त करून घ्या. विक्रीनंतर सापडली तर तुमच्याकडे परवान्यावर नसलेलं शस्त्र आहे असा अर्थ होतो. नंबर घासलेला असेल तर तो सौदा तिथेच सोडा, किंमत कितीही कमी असो.

विकणाऱ्याच्या परवान्याला यूआयएन (परवानाधारकाचा विशिष्ट ओळख क्रमांक) आहे का आणि त्यावर हीच रायफल चढलेली आहे का, तेही पाहा. बोअरबाबतही डोळे उघडे ठेवा: ३०३ आणि ७.६२ हे प्रतिबंधित बोअर आहेत, म्हणजे सामान्य परवान्यावर मिळत नाहीत. ३१५ बाहेरून ३०३ सारखीच दिसते, त्यामुळे तोंडी माहितीवर विसंबू नका.

बोल्टवरचा आणि सांगाड्यावरचा नंबर जुळत नसेल तर बोल्ट दुसऱ्या रायफलचा आहे. अशा वेळी काडतुसाच्या बुडामागची जागा कमीजास्त असू शकते आणि पुंगळी चेंबरमध्येच फुटण्याचा धोका असतो. परवानाधारक कारागिराकडून गेजने मोजून घेतल्याशिवाय एकही गोळी झाडू नका. नळी मागच्या बाजूने उजेडाकडे धरून पाहा. नळीच्या आतल्या पिळदार खाचांच्या कडा धारदार दिसायला हव्यात. मध्येच काळसर कडं दिसलं तर तिथे नळी फुगलेली असते. देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसले तर जुन्या, गंज आणणाऱ्या टोप्यांची काडतुसं झाडून नळी धुतलेली नाही. खड्डे बुजत नाहीत, नेम कायमचा बिघडतो.

दुर्बीण बसवणं

परवान्यात बोअर, प्रकार, नंबर नोंदवतात. दुर्बिणीसाठी रकाना नसतो. म्हणून लोकांना वाटतं की हे घरचं काम आहे. दुर्बीण विकत आणणं वेगळं आणि तिच्यासाठी सांगाड्याला भोकं पाडणं वेगळं. शस्त्राची दुरुस्ती किंवा त्यात फेरफार करायला कलम ५ खाली परवाना लागतो. गावातल्या लेथवाल्याकडे रायफल दिली तर तो आणि तुम्ही, दोघंही कायद्याबाहेर. रायफल परवानाधारक दुकानात स्वतः घेऊन जा, पुतण्याच्या हाती पाठवू नका, आणि नंबर लिहिलेली पावती घेऊनच बाहेर पडा. आवाज किंवा ज्वाळा कमी करणारं साधन मात्र कायद्यात बंदुकीइतकंच धरलेलं आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका.

कारागिराला तीन गोष्टी बजावून सांगा. नंबर किंवा चाचणीचे शिक्के असलेल्या जागी भोक नको. सांगाड्याचं पोलाद कठीण असतं, त्यात ड्रिल भरकटतं, आट्यांचा टॅप मोडतो, म्हणून जमत असेल तर आधीच्या भोकांवर चिमटणारा माउंट (दुर्बीण धरणारा आधार) निवडा. आणि स्क्रूचं टोक बोल्टच्या वाटेत डोकावता कामा नये. बोल्ट पूर्ण मागेपुढे नेऊन तुमच्यासमोर दाखवायला सांगा. दुर्बीण बरोबर मध्यावर आली की वरून काडतुसं भरताना बोटं अडतात, हेही आधीच करून पाहा.

३१५ ला चार पटीची स्थिर दुर्बीण पुरते. डोळा आणि मागची काच यांत ८ ते ९ सेंटिमीटर अंतर हवं, कमी ठेवलं तर धक्क्याने भुवई फाटते. दुर्बीण धरणाऱ्या कड्यांचे स्क्रू बसवण्याआधी तेल पुसून काढा आणि आळीपाळीने, साधारण २ न्यूटन-मीटर एवढेच आवळा. जास्त आवळले तर दुर्बिणीची नळी चेपते आणि आतलं चक्र फिरूनही नेम सरकत नाही. मग दोष दुर्बिणीवर ढकलला जातो.

नेम बसवायला मोठ्या बोअरला परवानगी असलेलं रेंजच हवं, शेताचा बांध चालणार नाही. बोल्ट काढून नळीतून लक्ष्य पाहा आणि दुर्बीण त्याच ठिकाणी आणा, मग २५ मीटरवरून सुरुवात करा. पाव मिनिटाच्या (मिनिट म्हणजे इथे अंशाचा साठावा भाग) नेम बदलणाऱ्या चक्राची एक टिक १०० मीटरवर सुमारे ७ मिलिमीटर सरकते, २५ मीटरवर २ मिलिमीटरपेक्षाही कमी. म्हणजे २५ मीटरवर ३ सेंटिमीटर चूक असेल तर ४ नाही, १६ टिका फिरवाव्या लागतात. हे न कळल्याने काडतुसं वाया जातात आणि परवान्यावर वर्षाची मर्यादा ठरलेली असते. प्रत्येक बदलानंतर एकाच जातीच्या तीन गोळ्या झाडा आणि तिन्हींचा मध्य धरा. २५ मीटरवर बरोबर बसली की १०० मीटरवर कागदावर लागतेच, तिथे उरलेली दुरुस्ती करा. रिकाम्या पुंगळ्या टाकून देऊ नका, पुढची काडतुसं घेताना हिशेब विचारला जातो.

ताबा घेतल्यावर रायफल आणि पावती दाखवून तुमच्या परवान्यावर नोंद करून घ्या, आणि विकणाऱ्याच्या परवान्यावरून ती कमी झाल्याची प्रतही मागा. ही दुसरी नोंद राहून जाते. मग निवडणुकीत शस्त्रं जमा करायची वेळ आली की पोलीस विकणाऱ्याच्या दारात उभे राहतात आणि सत्तरी ओलांडलेला माणूस वर्षापूर्वी विकलेल्या रायफलीचा हिशेब देत ठाण्यात बसतो.